सोसणाऱ्या बायांचं कोण ऐकतं?

मन आणि माणसं : लेखांक ६

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. गाव जागेवर नाही, ही खबर बाहेर पोचवली ती रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. १५१ माणसं गेली. वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं गाव वसलं आणि एप्रिल २०१७ मध्ये घरांच्या किल्ल्या हाती आल्या.

पडलेल्या घरांचा, मेलेल्या जनावरांचा, वाहून गेलेल्या खाचरांचा पंचनामा होतो. पावसाचा आवाज वाढला की छातीत धडधडणं, रात्र रात्र डोळा न लागणं, आपणच का वाचलो हा प्रश्न छळत राहणं, यांची नोंद करायला सरकारी कागदात रकाना नसतो. अशा आपत्तीनंतर बहुतेकांचं मन काही महिन्यांत हळूहळू सावरतं. पण काहींचं दुःख आजाराचं रूप घेतं आणि त्यांना मदत लागतेच. बाईच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. चूल, पाणी, पोरंबाळं, भाताची लावणी यांतलं काहीच थांबत नाही. रडायलाही सवड लागते, आणि तीच तिच्याकडे नसते.

माळीणसारखा घाला रोज पडत नाही. रोजचे घाव मात्र चुकत नाहीत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणात अनेकांच्या जमिनी गेल्या. बाया उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात. पुढे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजारात उभ्या राहतात. पूर्वेला उसाच्या पट्ट्यात बिबट्याची धास्ती असते. नवऱ्याचं दारूपाणी, कर्ज, मारहाण हे सगळं त्यावर वेगळं. आरोग्य केंद्रात गेलेली बाई यातलं काही सांगत नाही. ‘अंग दुखतंय, डोकं जड झालंय, जेवण जात नाही,’ एवढंच सांगते आणि गोळ्या घेऊन घरी येते. नैराश्य अनेकदा शरीराच्या तक्रारींमागे असं दडून बसतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी हे ओझं फार पूर्वी ओळखलं. बिली एव्हरी यांचा नवरा अवघ्या तेहतिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. पुढे त्या आरोग्याच्या चळवळीत उतरल्या आणि १९८३ मध्ये अटलांटातल्या स्पेलमन कॉलेजात त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची आरोग्य परिषद भरवली. या कामाचा कणा होता बायकांचे छोटे गट. घरातली मारहाण, थकवा, एकटेपणा यांबद्दल बाया तिथे एकमेकींशी मोकळेपणाने बोलू लागल्या. २०१० मध्ये संशोधक शेरिल वूड्स-गिस्कोम्बे यांनी या अनुभवाची नीट मांडणी केली. सतत कणखर दिसायचं, भावना गिळायच्या, कुणाची मदत घ्यायची नाही, स्वतःआधी दुसऱ्यांचं बघायचं, अशा अपेक्षांचा ताण शरीर आणि मन दोन्ही पोखरतो, हे त्यांनी दाखवलं.

गुलामगिरी आणि वंशभेदाचा तो इतिहास वेगळा आहे, आपल्याकडच्या आदिवासींचा वेगळा. पण ‘आमच्या बाया लई काटक’ हे कौतुक सह्याद्रीतही ऐकू येतं. आणि त्या कौतुकाच्या आड बाईचं आजारपण दिसेनासं होतं.

यावरचा उपाय झिंबाब्वेत आकाराला आला. डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली. तिच्या घरच्यांपाशी इस्पितळापर्यंतच्या बसभाड्याचे पंधरा डॉलर नव्हते. डोंगरातल्या वस्तीवरून घोडेगाव, मंचर किंवा पुणे गाठणाऱ्या बाईला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. डॉ. चिबांडांनी २००६ मध्ये हरारेतल्या चौदा आज्यांना प्रशिक्षण दिलं. दवाखान्याच्या आवारात बाक मांडले. आजी ऐकून घेते, अनेक अडचणींतली एक निवडायला मदत करते, तिच्यावर पहिलं पाऊल कोणतं टाकायचं ते दोघी मिळून ठरवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणं नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे ५० टक्के लोकांमध्ये उरली होती. बाकावर बसलेल्यांमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास.

महाराष्ट्रालाही ही वाट नवी नाही. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम चालवला. गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचं, आजार ओळखण्याचं आणि गरज पडली तर दवाखान्यापर्यंत सोबत करण्याचं शिक्षण त्यात दिलं गेलं. पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात पोचला.

जुन्नर-आंबेगावात असा बाक कुठे मांडता येईल? बाया आधीच जिथे जमतात तिथे : बचत गटाच्या बैठकीत, हिरडा वाळवताना, पडकईच्या कामावर. डोंगरउतारावर एकमेकांच्या मदतीने भातखाचरं काढायची ही इथली जुनी रीत. आंबेगावच्या ‘शाश्वत’ संस्थेने तिला रोजगार हमीची जोड मिळवून दिली आणि धरणग्रस्त आदिवासींसोबतच्या कामासाठी २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळवला. ज्या बाया मिळून बांध घालतात, त्यांच्यात एकमेकींवरचा भरवसा आयता आहे.

दोन गोष्टी मात्र विसरून चालणार नाहीत. ऐकून घेण्याचं काम आशाताईंवर फुकटात लादलं, तर सोसणाऱ्या बायांत आणखी एकीची भर पडेल. त्याचा मोबदला द्यायलाच हवा. आणि तीव्र आजाराला डॉक्टर आणि औषधंच लागतात. ‘निम्हान्स’च्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. उपचार हा हक्क आहे, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. तो हक्क मागायला ग्रामसभेसारखी दुसरी जागा नाही. तोवर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक प्रत्येक वाडीत ठाऊक असायला हवा. फोनवरचा समुपदेशक मराठीतून बोलतो, दिवसरात्र, विनामूल्य.

(पुढील लेखांकात : अंगात येणं, गावचा भगत आणि दवाखाना)