कॅमेरा लाखांचा, पण उचलणार कोण? मीडियम फॉरमॅट किटसाठी बॅग घेताना



गेल्या पावसाळ्यात माझ्या बॅचमधला एक फोटोग्राफर भेटायला आला आणि खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरून हळूच टेकला. वय बत्तीस. नाशिकचा आहे, रिसॉर्ट आणि आर्किटेक्ट लोकांची कामं करतो. आठ महिन्यांपूर्वी त्याने कर्ज काढून मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेतला होता, रेटही वाढवले होते. म्हणजे माझ्या हिशेबाने सगळं बरोबर चाललं होतं. फक्त ते सगळं सामान तो जुन्या लॅपटॉप बॅगेत कोंबून नेत होता. इगतपुरीकडच्या एका प्रॉपर्टीवर दोन दिवस चढ-उतार झाला आणि तिसऱ्या दिवशी त्याला उठताच येईना. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे वजन उचलायचं नाही. त्या तीन आठवड्यांत दोन कामं दुसऱ्याकडे गेली. ईएमआय मात्र ठरल्या तारखेला कापला गेला.

मी विचारलं, "बॅगेसाठी किती पैसे बाजूला ठेवले होतेस?"

"सर, बॅगेपर्यंत पैसे उरलेच नाहीत."

बघा, एकट्याने धंदा करणाऱ्या माणसाकडे एकच कामगार असतो, तो स्वतः. त्या कामगाराची पाठ गेली की दुकान बंद. म्हणून बॅग ही कॅमेऱ्याच्या कोटेशनमध्येच धरायची, नंतर उरलेल्या पैशातून घ्यायची नाही.

आता दुकानात जायच्या आधी एक काम करा. घरातला वजनकाटा काढा आणि एका कामाला खरोखर जे जे नेता ते सगळं त्यावर ठेवा. अंदाज नको. त्या मुलाचा हिशेब सांगतो. फुजीफिल्म जीएफएक्स १००एस ही बॉडी बॅटरी-कार्डासकट साधारण ९०० ग्रॅम. ३२-६४ ची झूम ८७५ ग्रॅम, आर्किटेक्चरसाठी २३ एमएम ८४५ ग्रॅम, पोर्ट्रेटची ११० एमएम एक किलोच्या थोडी वर. झाले ३ किलो ६०० ग्रॅम. इथपर्यंत तो म्हणत होता, "एवढं काही नाही सर." मग बॅटऱ्या, चार्जर, फिल्टर मिळून अर्धा किलो. लॅपटॉप दीड किलो. ट्रायपॉड दोन किलो. पाण्याची बाटली एक किलो. आणि रिकामी बॅग? चांगल्या पाठीच्या आधाराची बॅग दोन-सव्वादोन किलोची असतेच. बेरीज जवळजवळ ११ किलो! लाखांचं सामान त्यातल्या एक तृतीयांश वजनाचं, बाकी सगळा त्याचा लवाजमा.

फिल्मवर काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका. मामिया आरबी६७ एका लेन्ससकट अडीच किलोच्या वर जाते.

हा आकडा हातात आला की अर्धी निवड आपोआप होते. पाच किलोपर्यंत असेल तर जाड पट्ट्यांची साधी कॅमेरा बॅग चालते. आठ-दहा किलो पाठीवर घेऊन तासभर चालायचं असेल तर ज्या बॅगेला खरा कमरपट्टा नाही ती घेऊच नका. खरा म्हणजे काय? बॅग हलू नये म्हणून लावलेली पातळ नायलॉनची पट्टी हा कमरपट्टा नव्हे. पट्टा तळहाताएवढा रुंद हवा, गादीचा हवा आणि कमरेच्या हाडावर बसायला हवा, पोटावर नाही. तो नीट बसला की बहुतेक वजन खांद्यावरून उतरून कमरेवर आणि पायांवर जातं. ट्रेकिंगच्या सॅक याच तत्त्वावर बनतात. आत पाठीशी एक ताठ फ्रेम किंवा शीट असते, ती वजन कमरेपर्यंत पोचवते. फ्रेमच नसेल तर नुसता पट्टा काही करू शकत नाही.

आणि इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पाठीची लांबी. मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथून, कंबरेवर हात ठेवल्यावर अंगठे जिथे येतात त्या रेषेपर्यंत, घरातल्या कोणाला तरी टेपने मोजायला सांगा. उंची सारखी असली तरी हे माप माणसागणिक वेगळं येतं. ट्रेकिंगच्या सॅक वेगवेगळ्या साइझमध्ये मिळतात, कॅमेरा बॅगा मात्र बऱ्याचदा एकाच मापाच्या असतात. त्यामुळे बुटक्या माणसाला, आणि आमच्या बॅचमधल्या बऱ्याच ताईंना, पट्टा मांडीकडे सरकतो. मग सगळं वजन परत खांद्यावर! शिमोडाच्या काही बॅगांमध्ये खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतात, एफ-स्टॉपसारख्या कंपन्या कॅमेऱ्याचा आतला कप्पा वेगळा देतात. ब्रँड हाच घ्या असं मी म्हणत नाही. चांगल्या ट्रेकिंग सॅकमध्ये गादीचा वेगळा कप्पा टाकून काम करणारे लोकही मी पाहिलेत आणि त्यांची पाठ मजेत आहे. फक्त लेन्स काढायला वेळ लागतो.

मीडियम फॉरमॅटची आणखी एक भानगड म्हणजे लेन्सची जाडी. ती ११० एमएम साडेनऊ सेंटिमीटर जाड आहे. बॅगेच्या जाहिरातीत "एक बॉडी, पाच लेन्स" लिहिलेलं असतं ते छोट्या लेन्स धरून. तुमच्या पाचऐवजी तीनच बसतील. म्हणून स्वतःचं सामान दुकानात घेऊन जा आणि तिथेच भरून बघा. लाजायचं कशाला? आपण साडी घेतानासुद्धा पदर उलगडून बघतोच ना! जड लेन्स पाठीला चिकटून ठेवा, बाहेरच्या बाजूला ठेवली तर बॅग मागे ओढत राहते.

पाठीकडून उघडणारी बॅग मला जास्त पटते. चिखलात पुढची बाजू खाली टेकवून उघडली तर पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते, आणि लोकलच्या गर्दीत मागून कोणाला चेन उघडता येत नाही. बाहेर मोठा कॅमेरा कंपनीचा लोगो असेल तर तो चोराला दिलेलं आमंत्रणच समजा.

पावसाचं सांगायलाच हवं. रेनकव्हर पुढून झाकतं, पण पाणी मानेवरून उतरून पाठीच्या बाजूने आत जातं. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये काम करत असाल तर आत आणखी एक वॉटरप्रूफ पिशवी ठेवा. घरी आल्यावर सामान बॅगेतून बाहेर काढा. ओला फोम दिवसेंदिवस वाळत नाही आणि लेन्सला बुरशी तिथूनच लागते.

विमानाने कामाला जाणाऱ्यांनी आपल्या एअरलाइनचा नियम आधी बघावा. देशांतर्गत इकॉनॉमीत केबिन बॅगेला सहसा ७ किलोची मर्यादा असते. वरच्या हिशेबात बॅग, कॅमेरा, लेन्स आणि बॅटऱ्या मिळूनच सव्वासहा किलो होतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकता येत नाहीत, कॅमेरा टाकायची आपली हिंमत नाही, म्हणजे ट्रायपॉड चेक-इनमध्ये. इथे तीन किलोची मजबूत बॅग घेतली तर तुम्ही काउंटरवर अडकलात.

बॅग ऑनलाइन मागवली असेल तर टॅग काढू नका. तुमच्या वजनाएवढे तांदूळ, म्हणजे कामाच्या दिवशी पाठीवर जेवढं असतं तेवढे किलो, पिशव्यांमध्ये भरा, बॅगेत रचा आणि सोसायटीचे जिने चाळीस मिनिटं चढा-उतरा. दुकानातली दोन मिनिटं काही सांगत नाहीत. पंचविसाव्या मिनिटाला खांदे बोलायला लागतात. हात बधिर होत असतील, पट्टा सारखा वर ओढावा लागत असेल, तर परत करा. शेजारी विचारतील काय चाललंय, सांगा ट्रेनिंग चालू आहे.

बिल फर्मच्या नावावर घ्या, जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर नंबर घालून घ्या. बऱ्याच जणांचं बॅगेचं बिल घरखर्चात हरवतं.

त्या नाशिकच्या मुलाने शेवटी काय केलं? बॅग घेतलीच, पण त्याआधी मी त्याला मागच्या दहा कामांचे फोटो उघडायला लावले. कोणती लेन्स किती वेळा वापरली ते फाइलमध्ये दिसतंच. रिसॉर्टच्या कामांत ११० एमएम जवळजवळ वापरलीच नव्हती. आता ती घरी असते, लॅपटॉप गाडीत राहतो आणि चढ असेल तिथे ट्रायपॉड उचलायला तो रोजाने एक पोरगा घेतो. त्या पोराचा रोज कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून लावतो. आतापर्यंत एकाही क्लायंटने ती ओळ खोडलेली नाही.