सीटबेल्टची घंटी आणि एअरबॅगचा दिवा

अकोल्याच्या बाजारातून बार्शीटाकळीस परतणाऱ्या एखाद्या मोटारमालकाची कल्पना करावी. शेजारच्या रिकाम्या आसनावर त्याने तुरीच्या डाळीची मोठी पिशवी ठेवली आहे. गाडी वेग घेते न घेते तोच समोर तांबडा दिवा लागतो आणि घंटी वाजू लागते. शेजारी मनुष्य नाही. परंतु यंत्राच्या हिशेबी तेथे कोणीतरी बसले आहे व त्याने पट्टा लावलेला नाही. मालक त्रासून पट्टा रिकाम्या आसनावरून ओढतो व बकलात अडकवून टाकतो. घंटी थांबते. आठ दिवसांनी घरातील कोणी वडील माणूस त्याच आसनावर, त्या अडकविलेल्या पट्ट्यावरच पाठ टेकून बसतो. आणि आता घंटी वाजत नाही.

या घंटीचे म्हणणे काय असते व ते केव्हा खोटे ठरते, हे मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे. आसनाच्या गादीत एक पातळ चटई बसविलेली असते. वजन पडले म्हणजे तिचे दोन थर एकमेकांस टेकतात व तीतून विजेचा प्रवाह वाहू लागतो. हा पहिला सेन्सर. दुसरा बकलात असतो, एखादा बारीक खटका किंवा चुंबकावर चालणारी कळ. गादीने ‘बसले आहे’ आणि बकलाने ‘पट्टा नाही’ अशी साक्ष दिली की घंटी वाजते. पण साध्या चटईस डाळ आणि मनुष्य यांतील भेद कळत नाही. तेव्हा पिशवीमुळे वाजलेली घंटी हा बिघाडच नव्हे. पिशवी उचलून मागे ठेवली म्हणजे झाले. खरा बिघाड निराळा. आसन रिकामे असता घंटी वाजणे, पट्टा लावूनही न थांबणे, किंवा मनुष्य बसला असूनही ती मुकीच राहणे. यांपैकी शेवटचा प्रकार सर्वांत घातक, आणि त्याचीच तक्रार कोणी करीत नाही, कारण त्याचा त्रास कोणासच होत नाही.

कारणे पाहू गेले तर ती घरगुती असतात. बकलात भुईमुगाच्या शेंगांचे टरफल जाते, सांडलेला चहा चिकटून बसतो, काळ्या मातीची धूळ साचते. पावसाळ्यात चिखलाचे जोडे घेऊन माणसे बसतात व आसनाखालच्या जोडांना ओल लागते. आसन मागेपुढे सरकविताना खालच्या तारा ताणल्या जातात. जाड गवसणी घातल्याने चटई कायमची दबून राहते, ती गोष्ट वेगळीच.

एअरबॅगचा दिवा हा या घंटीहून स्वतंत्र आहे. आसनावरील मनुष्य आणि त्याच्यापुढे एक गोळा, असे त्याचे चित्र. किल्ली फिरविताच तो लागतो व काही सेकंदांत विझतो. विझला नाही, तर एअरबॅगच्या नियंत्रण-पेटीस मंडलात दोष आढळला आहे असे समजावे. पेटी प्रत्येक मंडलाचा रोध सतत मोजीत असते. तो बहुधा दोन-तीन ओहम इतकाच असल्यामुळे आसनाखालचा एखादा पिवळा जोड किंचित सैल झाला तरी मापात फरक पडतो व दिवा पेटतो. अशा स्थितीत अपघात झाला तर एअरबॅग फुगेलच अशी खात्री उरत नाही.

काही गाड्यांत, विशेषतः परदेशी, आसनातील सेन्सर वजन मोजून बालक असल्यास समोरची एअरबॅग आपण होऊन बंद करतो. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत मात्र चटई केवळ घंटीपुरतीच असते. म्हणून मागे तोंड करून बसविण्याची तान्ह्या मुलाची खुर्ची चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

एअरबॅगवर ‘एस. आर. एस.’ अशी अक्षरे असतात. त्यांतील पहिल्या अक्षराचा अर्थ ‘पूरक’ असा आहे. पूरक कशास, तर पट्ट्यास. धडक होताच एअरबॅग सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात फुगते. ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात सुमारे एक मीटर जाते. पट्टा नसलेला देह त्या क्षणी पुढे फेकला जात असतो, आणि फुगत्या पिशवीचाच आघात त्यास होऊ शकतो. मागील आसनावर तर समोर एअरबॅगही नसते. दि. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व जहांगीर पंडोल हे मागे बसलेले दोघे दगावले. पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. वऱ्हाडातील मंडळी आता समृद्धी महामार्गाने ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत जातात, पण मागे पट्टा लावणारे अद्याप थोडेच दिसतात.

दि. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालक व शेजारचा प्रवासी यांच्यासाठी ही घंटी सक्तीची झाली, आणि 2021 च्या अखेरपासून शेजारच्या प्रवाशाची एअरबॅगही. त्यावर लोकांनी तोड काढली, ती म्हणजे बकलात खुपसून घंटी गप्प करणारी पत्र्याची जीभ. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढले, व अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती काढून टाकाव्या लागल्या. हे उत्तम झाले, पण घरोघरी पडलेल्या क्लिपा कोण गोळा करणार?

दोष कारखान्याचाही असू शकतो. जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅगची नियंत्रण-पेटी तपासून बदलण्यासाठी 17,362 गाड्या परत बोलाविल्या. हे काम विनामूल्य होते. आपली गाडी अशा यादीत आहे काय, हे चासिस क्रमांकावरून कंपनीच्या अधिकृत दुकानी कळते. बकल फुंकून साफ करणे, गवसणी काढून पाहणे, एवढे घरी करावे. पिवळ्या जोडांस मात्र हात लावू नये. साध्या मीटरने वा चाचणीच्या दिव्याने तेथे माप घेऊ गेल्यास एअरबॅग तोंडावर फुटू शकते. बॅटरी काढल्यावरही पेटीत काही मिनिटे विद्युत्भार शिल्लक असतो.

जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एक पाहावे. एकदा फुटलेली एअरबॅग नवी न बसविता, तिच्या जागी दोन-चार रुपयांचा रोधक जोडून दिवा विझविणारे लबाड कारागीर असतात. कोणी तर दिवाच काढून टाकतात. किल्ली फिरविताच दिवा लागलाच नाही तर सौदा तेथेच थांबवावा. लागून विझला, तरी स्टिअरिंगवरील व समोरील झाकणाची शिवण मागून बसविल्यासारखी दिसते काय, हे उजेडात नीट पाहून घ्यावे.