संगणक-कारागिरांची सभा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. बरोबर शंभर वर्षांनी, ५ मार्च १९७५ रोजी, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका घराच्या मोटारखान्यात तीसएक हौशी मंडळी जमली. हाच पुढे प्रसिद्धीस आलेला ‘होमब्रू कॉम्प्यूटर क्लब’. दोन्हीकडे माणसे ज्ञानासाठीच जमली; पण रीत निराळी. व्याख्यानमालेत एक बोलतो व पुष्कळजण ऐकतात. त्या क्लबात, आपल्यापाशी काय आहे आणि आपले कोठे अडले आहे, हे ज्याने त्याने आधी उभे राहून सांगायचे व मग ज्यांची गाठ जुळेल त्यांनी आपापसांत बोलत बसायचे, असा शिरस्ता पडला. स्टीव्ह वॉझ्नियाक हा नोकरदार तरुण पहिल्याच सभेस हजर होता. तेथून स्फूर्ती घेऊन त्याने स्वतःचे यंत्र रचले व त्याचे आराखडे क्लबात फुकट वाटले. तेच यंत्र १९७६ साली ‘ॲपल’ नावाने बाजारात आले.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या ज्या सभांना आज ‘मीटअप’ म्हणतात, त्यांचे कूळ हे असे आहे. दोनतीन छोटी भाषणे, नवख्यांसाठी पाचपाच मिनिटे, भरपूर प्रश्न आणि चहा, एवढाच त्यांचा थाट.

पुस्तके असता हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. प्रोग्रॅम लिहिणे ही विद्या आहे तशीच कारागिरीही आहे. पुस्तक भाषेचे व्याकरण शिकविते; पण हजारो माणसे एकाच वेळी तिकीट काढू लागली म्हणजे यंत्रणा कोठे कोलमडते, हे रात्र जागून ती सावरणाऱ्यालाच ठाऊक असते. शिवाय, लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेल्या ‘लिनक्स’सारखी कामे सर्वांना वाचण्यास व दुरुस्त करण्यास खुली असतात. तेथे वापरणारा आणि घडविणारा यांच्यात भिंत नसते. मात्र पद्धत सांगावी, धन्याची वही उघडू नये. आणि सभेची जाहिरात होऊ देऊ नये. एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

आता आपल्या गावांकडे वळू. आगगाडी १८५३ साली ठाण्यास व १८५४ साली कल्याणास आली. पुढे सकाळी बाहेर जायचे आणि रात्री परतायचे, हा इकडच्या नोकरदारांचा धर्मच झाला. ऐरोली, महापे, पवई येथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कित्येकांची घरे ठाणे, डोंबिवली व कल्याण येथेच आहेत. पण सभा मुंबईत एखाद्या कंपनीच्या कचेरीत भरली, की डोंबिवलीची विद्यार्थिनी भाषणे ऐकते आणि प्रश्नोत्तरे सुरू होताच गाडीसाठी उठते. म्हणजे सभेचे खरे सार जेथे असते, नेमके तेवढेच तिच्या पदरी पडत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ज्ञानासाठी जागा राखण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. एक खोली, एक पडदा, वीस खुर्च्या आणि महिन्यातून एक रविवार पुरे. पारिभाषिक शब्द खुशाल इंग्रजी राहोत. शंका मात्र मराठीत विचारता यावी. परक्या भाषेत चूक होईल या भीतीने गिळलेली शंका पुढे कामात चूक होऊनच बाहेर येते.

आज शेवटच्या खुर्चीवर बसून जो विचारील, तोच दोन वर्षांनी पुढे उभा राहून सांगू लागेल. तसे घडले म्हणजे सभा रुजली असे समजावे.