रक्तातील परजीवींचे छायाचित्रण

रक्तातील परजीवीचे सूक्ष्मदर्शकातून घेतलेले छायाचित्र हा निदानाचा पुरावा असतो, आणि तो ग्राह्य ठरावा यासाठीचे बहुतेक कष्ट कॅमेरा जोडण्यापूर्वी, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरतानाच घ्यावे लागतात. जाड लेपात तांबड्या पेशी फुटतात आणि थोड्या जागेत पुष्कळ रक्त तपासता येते, त्यामुळे परजीवी शोधण्यास तो सोयीचा असतो. मिथेनॉलने स्थिर केलेल्या पातळ लेपात मात्र पेशी अखंड व एकेरी थरात राहतात आणि परजीवीची जात ओळखता येते. जीम्सा रंजकाने हिवतापाच्या परजीवीचे केंद्रक तांबडे, तर पेशीद्रव निळे दिसते. परंतु रंजक विरळ करण्याच्या पाण्याचा सामू ७.२ च्या आसपास नसून आम्लाकडे झुकलेला असेल, तर हिवतापाच्या व्हायव्हॅक्स या जातीने बाधित पेशीवरील श्युफनरचे गुलाबी ठिपके उमटतच नाहीत आणि ओळखीची एक मोठी खूण हातची जाते. पुढे संगणकावर रंग कितीही सुधारले, तरी ती परत येत नाही.

शंभरपट वस्तुभिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये घातलेल्या तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा असल्याने तिरपे किरणही भिंगात शिरतात आणि सुमारे ०.२ मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील सुटा दिसतो. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटरची असते. मात्र अशा भिंगाखाली स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी एका मायक्रोमीटरहूनही कमी असते. परजीवीसारखा भासणारा रंजकाचा कण किंवा पेशीवर बसलेली प्लेटलेट पुष्कळदा वेगळ्या पातळीवर असते, म्हणून फोकस वरखाली करून घेतलेली दोन-तीन छायाचित्रे एकाच देखण्या छायाचित्रापेक्षा अधिक विश्वसनीय होत.

या पुराव्याची मर्यादा चंद्रपूर जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट झाली. तेथील एका शेतकऱ्याच्या रक्तात २००४ मध्ये ट्रिपॅनोसोम, म्हणजे शेपटासारख्या तंतूने हालचाल करणारे लांबट परजीवी, आढळले. रक्तलेपाने त्यांचे अस्तित्व निर्विवाद केले. तथापि केवळ आकारावरून जात ठरवणे शक्य नव्हते, कारण जनावरांना सर्रा हा रोग जडवणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय आणि आफ्रिकेतील निद्रारोगाचे त्याचे सगोत्र सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसतात. ती इव्हान्साय असल्याची खात्री रेणवीय चाचण्यांनी झाली, आणि या परजीवींना मारणारे एपीओएल१ हे प्रथिन त्या रुग्णाच्या रक्तात कार्यक्षम नसल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले.