टॉवर ब्रिज उघडतो तेव्हा

लंडनला एक दिवस जायचं म्हटलं की लोक राजवाडा, बिग बेन, लंडन आय अशी यादी करतात. रेडिंगला राहायला आल्यापासून माझा सल्ला वेगळा असतो. टॉवर ब्रिज कधी उघडणार ते आधी बघा, बाकीचा दिवस त्याभोवती आखा. पुलाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. वेळ, जहाजाचं नाव, ते नदीत वर जाणार की खाली, सगळं त्यात असतं.

सांगलीहून बाबा आले तेव्हा त्यांनाही तिथेच नेलं. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणाच्या दरवाजांवर गेली. मनोऱ्यांच्या नक्षीकडे त्यांनी पाहिलंच नाही. फाटकाजवळच्या फुटपाथवर उभं राहून पहिला प्रश्न : "अगं, एवढं धूड उचलायचं, तर तोल कुठाय याचा?"

तोल पायाखाली आहे. मनोऱ्यांमधला 61 मीटरचा गाळा दोन पात्यांचा आहे आणि एकेक पातं हजार टनांहून जड. पण पातं मनोऱ्यापाशी संपत नाही. आसाच्या मागे त्याची शेपूट आत जाते आणि तिच्यात तोल धरणारं वजन भरलेलं आहे. पातं वर जातं तशी शेपूट खाली, खांबाच्या पोटातल्या एका प्रचंड खोलीत उतरते. ही खोली नदीच्या पातळीखाली आहे. लहान मुलांच्या सी-सॉचंच हे तत्त्व. त्यामुळे यंत्राला सगळा भार पेलावा लागत नाही, बाबांच्या शब्दांत 'नुसता तोल मोडायचा'. 1894मध्ये पूल सुरू झाला तेव्हा हे काम वाफेवर चालायचं. वाफेची इंजिनं पाणी दाबून जड वजनं वर चढवून ठेवत आणि पूल उघडायच्या वेळी त्या वजनांच्या दाबाखालचं पाणी यंत्र फिरवी. 1976पासून पाण्याच्या जागी तेल आणि वाफेच्या जागी वीज आली. जुनी इंजिनं दक्षिण टोकाला जपून ठेवली आहेत. बाबा तिथे तासभर रमले.

वेळ झाली. आधी वाहनांचा दिवा लाल झाला. आमच्या बाजूला सगळ्यांत पुढे 78 नंबरची बस थांबली. मग भोंगा, आणि लोकांनी मधल्या भागावरून निघावं अशी सूचना. झगझगीत जाकिटातले कर्मचारी फुटपाथवरून चालत गेले, मागे रेंगाळणाऱ्यांना हाताने बोलावत बाहेर काढलं. फाटकं लागली. तरीही लगेच काही झालं नाही. पूल पूर्ण रिकामा झाल्याची खात्री पटल्याशिवाय दोन पात्यांना मधोमध जोडणारे अडसर मागे सरकत नाहीत.

ही खबरदारी का, ते 78 नंबरच्याच बसने शिकवलं आहे. 1952च्या डिसेंबरमध्ये या मार्गाची बस पुलावर असतानाच तिच्याखालचं पातं उठू लागलं. चालक अल्बर्ट गंटर यांनी ब्रेक न लावता वेग वाढवला आणि बस फटीवरून पलीकडच्या पात्यावर उडवली. प्रवासी वाचले. गंटर यांना दहा पौंडांचं बक्षीस मिळालं. त्या प्रसंगाच्या मानाने ही रक्कम मला आजही फार तोकडी वाटते.

मग डांबरी रस्त्यावर मधोमध एक काळी रेघ उमटली. रेघ फाकली आणि रस्ता उभा राहू लागला. मला आवाज मोठा होईल असं वाटलं होतं. आला तो खोलवरचा घुमारा. चढ वाढला तसे खडे, धूळ, एक चुरगळलेला कागदी कप फाटकाकडे घसरत आले. रस्त्याच्या मधले पांढरे पट्टे आभाळाकडे चढत गेले. पातं 86 अंशांपर्यंत उठू शकतं, पण दरवेळी एवढं लागत नाही. त्या दिवशी निम्म्यावर थांबलं, कारण खालून येत होता जुन्या घडणीचा शिडाचा एक बार्ज. तांबूस तपकिरी शिडं गुंडाळलेली, चाल इंजिनावर. डेकवर दहा-बारा माणसं हात हलवत होती. त्यांच्यासाठी दोन्ही काठांवर बसगाड्या, टॅक्स्या, सायकली आणि शेकडो पादचारी खोळंबले होते.

"याला पैसे किती पडतात?" बाबांनी विचारलं. काहीच नाही. डोलकाठी 30 फूट किंवा त्याहून उंच असावी आणि 24 तास आधी कळवावं, बस्स. वर्षाच्या कोणत्याही दिवशी, रात्री-अपरात्रीसुद्धा पूल उघडतो. पुलाच्या वरच्या अंगाला एके काळी गजबजलेलं बंदर होतं. पूल हवा, पण जहाजांची वाट अडायला नको, या अटीतून 1885चा कायदा आणि हा उघडणारा पूल जन्मला. पहिल्या वर्षी तो सहा हजारांहून जास्त वेळा उघडला. बंदर गेलं, आता वर्षाला आठशेच्या आसपास वेळा उघडतो. तरी नदीचा हक्क पहिला, रस्त्याचा दुसरा, हा क्रम बदललेला नाही. मिनिटामिनिटाचा भाव लावणाऱ्या या शहराने तो विकायला काढला नाही, याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

पाती खाली आली, अडसर बसले, फाटकं उघडली, बस हलली. बाबा मात्र जागचे हलेनात. पुढे लंडन ब्रिज पक्का आहे, म्हणजे बार्जला वळून इकडेच यावं लागणार, हे त्यांनी ताडलं होतं. बेलफास्ट या जुन्या युद्धनौकेच्या अलीकडे बार्ज सावकाश वळलाही. "आता पलीकडच्या बाजूने बघू," बाबा म्हणाले आणि दिवा पुन्हा लाल व्हायच्या आत आम्ही पूल ओलांडला.