कटऑफ यादीतलं शेवटचं अक्षर

लेखमाला : बारावीनंतरची वाट – भाग ६

गेल्या रविवारी सोलापूरच्या विडी घरकुलातल्या एका घरी गेलो होतो. अम्मा उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं चालूच. मुलगी बारावी सायन्सची, सीईटी दिलेली. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. पुण्याच्या एकाच कॉलेजातल्या एकाच शाखेचं कटऑफ दोन ठिकाणी वेगवेगळं दिसत होतं. एकीकडं ९१ पर्सेंटाइल, दुसरीकडं ९४. तिला स्वतःला ९२.

‘‘सर, यातलं खरं कुठलं?’’

अम्मांनी मान वर न करता विचारलं, ‘‘जमतंय का नाही जमत, एवढं सांगा सर. उगा आशा लावून काय करायचं?’’

दोन्ही आकडे खरे होते. मुलीच्या मोबाइलवर त्या आठवड्यात चाळीसेक पीडीएफ आल्या होत्या. मैत्रिणीकडून, क्लासच्या ग्रुपवरून, कुणा ओळखीच्या दादाकडून. त्यातल्या दोघांनी सरकारी यादीतले आकडे उचलून आपापले तक्ते केले होते. पण उचलताना दोघांच्याही हातून एक अक्षर गळलं होतं, आणि सोलापूरच्या मुलीसाठी सगळी गोष्ट त्या अक्षरातच होती. आजचा भाग त्यासाठीच.

आधी मूळ यादी कुठं असते ते बघू. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी अशा अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतरची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे जिला आपण सगळे ‘कॅप’ म्हणतो ती, राज्याचा सीईटी कक्ष चालवतो. त्याचं संकेतस्थळ सीईटीसेल डॉट महासीईटी डॉट ऑर्ग. अभियांत्रिकीच्या पानावर आधीच्या वर्षांच्या कटऑफ याद्या फेरीनिहाय मिळतात. एकेका यादीची पानं शेकड्यांनी असतात. त्यामुळं मुलं ती उघडून लगेच बंद करतात आणि कुणीतरी केलेल्या दोन पानी तक्त्यावर विसंबतात. माझं सांगणं एवढंच आहे की तीच शेकडो पानांची यादी उघडा. सगळी वाचायची नाही. आपल्या मनातली आठ-दहा कॉलेजं शोधायची आणि तेवढी पानं नीट वाचायची.

यादीत प्रत्येक शाखेखाली एक चौकट असते. चौकटीच्या माथ्यावर जीओपीईएनएच, एलओबीसीओ, जीओपीईएनएस असली अक्षरांची माळ दिसते. ही माळ तीन तुकड्यांत फोडायची. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला तुकडा प्रवर्गाचा: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. आणि शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. खाली दोन आकडे असतात. वरचा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. त्या फेरीत त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे ते आकडे.

आता होम युनिव्हर्सिटी म्हणजे काय? तुम्ही ज्या कॉलेजातून बारावी झालात ते कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, ते तुमचं होम विद्यापीठ. आणि इथं सोलापूरचा प्रश्न इतर जिल्ह्यांहून वेगळा होतो. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ते एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणून झालं. त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. पुढं त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. आपलं विद्यापीठ झालं हे चांगलंच झालं. परीक्षेच्या एका कागदासाठी कोल्हापूरची एसटी पकडावी लागत होती ते दिवस मला आठवतात. पण प्रवेशाच्या गणितात त्याचा अर्थ असा की सोलापुरातून बारावी झालेल्या मुलाची ‘घरची’ कॉलेजं म्हणजे फक्त जिल्ह्यातली. पुण्याच्या मुलाला पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांतली कॉलेजं घरची. आपल्याला पुण्यातलं विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेज परकं. तिथं आपण ओ-च्या रांगेत उभे राहतो. त्या रांगेत जागा कमी, आणि मागणी असलेल्या कॉलेजात आकडा बहुतेकदा चढा.

त्या मुलीच्या मोबाइलवरचा ९१ हा एच-चा होता, पुण्याकडच्या मुलांसाठी. तिच्यासाठीचा आकडा ९४.

अम्मांची बोटं तेवढ्यापुरती थांबली. मग मी मुलीला यादीत पुढं न्यायला लावलं. कारण एस-ची रांग अजून बघायची होती. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, अशा काही संस्थांत राज्यातल्या सगळ्यांसाठी एकच रांग असते. तिथं घरचा-परका हा भेद नाही, मात्र आकडे फार उंच. आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच जिल्ह्यातली एच-ची रांग. सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, पंढरपूरजवळ गोपाळपूरचं स्वेरी, कोर्टीचं सिंहगड. सोलापूरच्या मुलाला इथं जी सवलत आहे ती पुण्याच्या मुलाला नाही. ‘पुण्याला गेल्याशिवाय काही खरं नाही’ असं घराघरांत बोललं जातं. मला ते पटत नाही. पुण्यातल्या तिसऱ्या रांगेतल्या कॉलेजात खोलीभाडं आणि मेस भरून जायचं, की घरी राहून इथल्या चांगल्या शाखेत शिकायचं, हा हिशेब आकडे समोर ठेवून करायचा आहे. तो आकडा ओ-चा आहे की एच-चा हे माहीतच नसेल तर हिशेब सुरूही होत नाही.

दहावीनंतर मुलाला लातूरला पाठवायच्या विचारात असलेल्या पालकांनीही हे लक्षात घ्यावं. बारावी लातूरच्या कॉलेजातून झाली की होम विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होतं. म्हणजे पुढं अभियांत्रिकीला जायचं ठरलं तर सोलापूरच्या कॉलेजात सोलापूरचाच मुलगा ओ-च्या रांगेत. वैद्यकीयची रचना वेगळी आहे, तिथं राज्यभर एकच यादी लागते. त्यावर पुढच्या महिन्यात लिहीन. नियमांत दरवर्षी काही ना काही बदलतं. त्यामुळं त्या वर्षीची माहिती पुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि होम विद्यापीठाचं पान स्वतः वाचा.

आणखी एक घोटाळा फक्त आपल्याच भागात होतो. वालचंद नावाच्या दोन संस्था आहेत. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १९४७ चं, सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ चं. दोन्ही कॅपच्या पुणे विभागात येतात, त्यामुळं दोन्हींच्या संस्था क्रमांकाची सुरुवात सारखी दिसते. पसंतीक्रम भरताना नावावर जाऊ नका. क्रमांक वहीत लिहून घ्या आणि तोच पडताळा.

पसंतीक्रमाचं मला जास्त वाटतं, कारण आमच्याच घरात त्यानं एक वर्ष खाल्लं. पुतण्याचा अर्ज भरायला आम्ही एका नेट कॅफेत गेलो होतो. गर्दी होती. भरणाऱ्यानं आमच्या कागदावरचा क्रम न पाहता त्याला दिसेल तशी कॉलेजं टाकली, आणि सर्वांत खाली असायला हवं होतं ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पहिल्या फेरीत नेमकं तेच मिळालं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते. नंतरच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. २०२५ पासून तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागला. पोरगं चार महिने कुणाशी धड बोललं नाही. चूक कॅफेवाल्याची जितकी, तितकीच माझी. अर्ज पक्का करण्याआधी शेवटचं पान मी वाचलं नव्हतं.

म्हणून अर्ज मुलानं स्वतः भरावा, मोठ्या माणसानं शेजारी बसावं. आधी वहीत क्रम लिहावा. वर मनापासून हवी ती, आकडा जरा उंच असला तरी. मध्ये आपल्या पर्सेंटाइलच्या आसपासची. खाली नक्की मिळतील अशी, पण मिळाली तर जाऊच अशीच. जिथं जायचं नाही ते नाव यादीत नकोच. अकरावीचे प्रवेशही २०२५ पासून राज्यभर याच पद्धतीनं होऊ लागले. तोवर ते फक्त मोठ्या शहरांपुरते होते. म्हणजे दहावीच्या मुलांना ही सवय दोन वर्षं आधीच लागते आहे.

आता पैशाकडं येतो. अम्मांचा खरा प्रश्न तोच होता, फक्त त्यांनी तो शेवटी विचारला.

खासगी व्यावसायिक कॉलेजाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्याच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय पाहता येते. कॉलेजच्या खिडकीवर त्याहून वेगळा आकडा सांगितला तर लेखी मागा. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसह अनेक योजना आहेत, त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे, उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाख. आणखी एक अट, प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला की ही सवलत गेली. ‘कॅप राहू द्या, आमच्याकडं थेट या’ म्हणणारा माणूस घरी आला तर हे वाक्य त्याच्यापुढं म्हणून दाखवा.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो, आईचं किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं, आणि व्यावसायिक पदवीला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. अम्मांचं ओळखपत्र पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली होतं. मुलीला हे माहीत नव्हतं. शाळेत असताना वर्षाला थोडी का होईना रक्कम याच योजनेतून मिळाली असती, तेही कुणी सांगितलं नव्हतं. सोलापुरात हजारो घरं या कामावर चालतात. निदान आपल्या शाळांनी दर जूनमध्ये वर्गात एकदा हे मोठ्यानं वाचून दाखवावं.

प्रवेश झाल्यावर शिकायचं कसं, यावर बरीच पत्रं आली आहेत. थोडक्यात सांगतो. घरात पडलेलं बालभारतीचं पुस्तक हातात घ्या. आतल्या चौकोनी क्यूआर कोडचं नातं आपल्याच जिल्ह्याशी आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना हे कोड जोडले, पुढं राज्यानं ते सगळ्या पाठ्यपुस्तकांत आणले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. ज्या मुलांच्या पुस्तकात तो कोड आहे, त्यातल्या किती जणांनी तो एकदा तरी उघडून पाहिला? तो उघडणारं दीक्षा ॲप फुकट आहे. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठी-इंग्रजीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांनी एखादी अवघड संकल्पना दोन्ही पुस्तकांत शेजारी ठेवून वाचावी. मी हे करून पाहिलं आहे, गाठ सुटते.

कॉलेजात गेल्यावर एनपीटीईएल आणि स्वयम. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच फी आहे. संगणकाच्या भाषा शिकायच्या असतील तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. दहा-दहा मिनिटांचे धडे, बरेचसे मराठीतही. सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचे शेकडो छोटे पाठ यूट्यूबवर आहेत. इंग्रजी व्याख्यान पहिल्यांदा कळत नसेल तर आधी हे छोटे पाठ ऐका, मग एनपीटीईएल. पण एका वेळी एकच. सहा ठिकाणी नाव नोंदवून तिसऱ्या धड्याला थांबलेली मुलं मी फार पाहिली आहेत. एक धडा ऐकायचा, मोबाइल पालथा ठेवायचा, आणि ऐकलेलं कोऱ्या कागदावर उतरवायचं. जे उतरलं नाही तेवढं परत ऐकायचं.

त्या रविवारी मुलीनं मूळ यादीतून अकरा कॉलेजं काढली. तीन वर्षांचे आकडे, प्रत्येकापुढं एच, ओ किंवा एस. वहीची दोन पानं भरली. पुण्याचं ते ९४ वालं कॉलेज तिनं पहिल्या क्रमांकावर ठेवलं. ‘‘तिसऱ्या फेरीत एकदा ९२.६ पर्यंत खाली आलंय, सर,’’ म्हणाली. त्याच्या खाली सोलापूरचं, संगणक शाखा. अम्मांनी वही हातात घेतली, वाचता येत नसूनही पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘‘यातलं घरनं जाऊन येता येईल असं कुठलं?’’ मुलीनं बोट धरून दुसऱ्या ओळीवर ठेवलं.

पुढच्या रविवारी कागदपत्रं : जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला. ज्यांनी जातवैधतेचा अर्ज अजून केलेला नाही, त्यांनी माझ्या लेखाची वाट पाहू नये. उद्या सोमवार आहे, उद्याच करावा.