वायुजीवी कार्यक्षमता : खेळाडू, निरोगी व्यक्ती आणि रुग्ण यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालयीन शारीरिक शिक्षणात विद्यार्थ्यांचा दमदारपणा मोजण्यासाठी बारा मिनिटांची धावण्याची चाचणी, हार्वर्ड स्टेप चाचणी अशा कसोट्या वर्षानुवर्षे घेतल्या जातात. कसोटीअंती एक आकडा हाती येतो व त्यावरून विद्यार्थी 'उत्तम', 'मध्यम' किंवा 'निकृष्ट' ठरतो. परंतु हा आकडा नेमके काय सांगतो, तो कशामुळे वाढतो वा घटतो, याचा विचार सहसा होत नाही. वायुजीवी कार्यक्षमता ही कोणा एका अवयवाची देणगी नसून अनेक टप्प्यांच्या साखळीचे फलित आहे. या साखळीतील कमकुवत कडी खेळाडू, निरोगी व्यक्ती आणि रुग्ण यांच्यात वेगवेगळी असते. हे तत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व मापन :
व्यायामाची तीव्रता वाढत जाते तसा शरीराचा प्राणवायूचा वापरही वाढतो. मात्र एका मर्यादेनंतर श्रम वाढवूनही हा वापर वाढत नाही. या मर्यादेस कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता म्हणतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल व त्यांचे सहकारी हार्टले लप्टन यांनी १९२३ मध्ये धावण्याच्या प्रयोगांवरून ही कल्पना मांडली. शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटास किती मिलिलीटर प्राणवायू वापरला गेला, या परिमाणात ती व्यक्त करतात. स्वस्थ बसलेल्या माणसास सुमारे ३.५ मिलिलीटर प्राणवायू लागतो. व्यायामाची सवय नसलेल्या निरोगी तरुणाची कमाल क्षमता साधारणतः ४० च्या आसपास असते, तर लांब पल्ल्याच्या शर्यतींतील अव्वल पुरुष खेळाडूंची ७० ते ८५ पर्यंत जाते.

प्राणवायूची साखळी :
हवेतील प्राणवायू फुप्फुसांतून रक्तात उतरतो, हिमोग्लोबिनशी बद्ध होतो, हृदयाच्या रेट्याने स्नायूंपर्यंत पोहोचतो, केशवाहिन्यांतून पेशीत शिरतो व शेवटी तंतुकणिकांमध्ये वापरला जातो. या वाहतुकीचे गणित जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेल्या तत्त्वावर आधारलेले आहे. हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणारे रक्त गुणिले धमनी व शिरेतील रक्ताच्या प्राणवायूमधील फरक, म्हणजे शरीराने वापरलेला प्राणवायू.

हे उदाहरणाने पाहू. कमाल श्रमाच्या वेळी सामान्य तरुणाचे हृदय मिनिटाला सुमारे २० लीटर रक्त बाहेर टाकते व स्नायू प्रत्येक लीटरमधून सुमारे १५० मिलिलीटर प्राणवायू काढून घेतात. गुणाकार ३ लीटर येतो. अव्वल खेळाडूचे हृदय ३५ लीटर रक्त पुरवते व दर लीटरमागे सुमारे १६० मिलिलीटर प्राणवायू वापरला जातो. गुणाकार ५.६ लीटर येतो. दोघांतील अंतर मुख्यतः पहिल्या संख्येमुळे पडते, हे येथे लक्षात घ्यावे.

खेळाडू :
खेळाडूच्या हृदयाचे ठोके सामान्य माणसापेक्षा जलद पडतात, असा समज आढळतो. वस्तुतः कमाल ठोक्यांची संख्या दोघांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणाऱ्या रक्ताचा. दीर्घ सरावाने रक्ताचे एकूण आकारमान वाढते, हृदयाचा डावा कप्पा अधिक भरतो व अधिक रक्त फेकतो. स्नायूंची ग्रहणशक्ती तर हृदयाच्या पुरवठ्याहून मोठी असते. १९८५ मध्ये अँडरसन व साल्टिन यांनी केवळ मांडीच्या पुढील स्नायूंना व्यायाम दिला, तेव्हा त्या स्नायूंतील रक्तप्रवाह अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आढळला. शरीरातील सर्व मोठे स्नायू एकाच वेळी इतके रक्त मागू लागले, तर कोणतेही हृदय ते पुरवू शकणार नाही. म्हणून संपूर्ण शरीराच्या व्यायामात हृदय हीच मुख्य मर्यादा ठरते. काही अव्वल खेळाडूंमध्ये मात्र रक्त फुप्फुसांतून इतक्या वेगाने वाहते की ते प्राणवायूने पूर्ण संपृक्त होण्यापूर्वीच पुढे जाते. तेथे फुप्फुसेही मर्यादा बनतात.

तथापि कमाल क्षमता म्हणजे विजय नव्हे. ऑस्ट्रेलियाचे डेरेक क्लेटन यांनी १९६९ मध्ये मॅरेथॉन २ तास ८ मिनिटे ३३ सेकंदांत पूर्ण करून त्या काळची सर्वोत्तम वेळ नोंदवली. त्यांची मोजलेली क्षमता मात्र ७० च्या जवळपासच होती. कमी प्राणवायूत अधिक वेगाने धावण्याची काटकसर आणि कमाल क्षमतेचा मोठा अंश दीर्घकाळ टिकवण्याची ताकद हे दोन घटकही तितकेच निर्णायक असतात.

निरोगी व्यक्ती :
निरोगी व्यक्तीची क्षमता वय, लिंग, आनुवंशिकता व सवयी यांवर अवलंबून असते. तिशीनंतर बैठे जीवन जगणाऱ्यांत ती दर दशकात सुमारे १० टक्क्यांनी घटते. स्त्रियांत हिमोग्लोबिन व हृदयाचा आकार तुलनेने कमी असल्याने सरासरी कमी आढळते. उत्तर अमेरिकेतील 'हेरिटेज' कुटुंब अभ्यासात बैठ्या जीवनशैलीच्या व्यक्तींना वीस आठवडे समान स्वरूपाचा व्यायाम दिला गेला. काहींची क्षमता जवळजवळ वाढली नाही, तर काहींची एक लीटरपर्यंत वाढली. या तफावतीचा जवळपास निम्मा भाग कौटुंबिक वारशाशी निगडित असू शकतो, असा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सवयीचा प्रभाव डॅलस येथील प्रयोगातून दिसतो. १९६६ मध्ये पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची क्षमता ३.३ लीटरवरून २.४ लीटरवर आली. १९९६ मध्ये त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमी भरली. निष्क्रियतेची किंमत किती मोठी असते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

रुग्ण :
रुग्णाच्या बाबतीत आजाराने ग्रासलेली कडी मर्यादा ठरवते. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णात रक्तपुरवठा तोकडा पडतो. १९९१ पासून अशा रुग्णांना हृदयरोपणाची निकड आहे काय, हे ठरवताना १४ मिलिलीटर ही सीमारेषा विचारात घेतली जाऊ लागली. म्हणजे विश्रांतीच्या केवळ चौपट प्राणवायू. दीर्घकालीन श्वसनविकारात हवेची ये-जा अपुरी पडते, तर रक्तक्षयात वाहकच कमी असतो.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. आजारामुळे हालचाल थांबते, त्यामुळे स्नायू क्षीण होतात व साखळीतील दुसरी कडीही कमकुवत होते. म्हणूनच हृदयरोपणानंतर नवे हृदय मिळूनही क्षमता लगेच पूर्ववत होत नाही. याउलट श्वसनविकाराच्या रुग्णाची फुप्फुसे सुधारली नाहीत, तरी देखरेखीखालील व्यायामाने पायांचे स्नायू सुधारतात व त्याला अधिक चालता येते.

महाविद्यालयीन संदर्भ :
या विवेचनाचा आपल्या कामाशी निकटचा संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलीटर प्राणवायू वाहून नेते. त्यामुळे १३ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या विद्यार्थिनीचे १०० मिलिलीटर रक्त सुमारे १७ मिलिलीटर प्राणवायू नेऊ शकते, तर ९ ग्रॅम असलेल्या विद्यार्थिनीचे केवळ १२. हृदय, फुप्फुसे व इच्छाशक्ती निर्दोष असूनही दुसरी मागे पडणार, तिच्या नाडीचे ठोके वाढणार आणि स्टेप चाचणीत ती 'निकृष्ट' ठरणार. तिला आळशी समजून अधिक धावायला लावणे हा उपाय नव्हे. तिला रक्ततपासणी, वैद्यकीय सल्ला व सकस आहार यांची गरज आहे.

त्यामुळे कसोटीपूर्वी हिमोग्लोबिन तपासणी व आरोग्यविषयक विचारपूस व्हावी. गुणांकन करताना वर्गाच्या सरासरीबरोबरच विद्यार्थ्याने स्वतःच्या पूर्वीच्या नोंदीपेक्षा केलेली प्रगतीही विचारात घ्यावी. सारखा सराव करूनही सर्वांची प्रगती सारखी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

समारोप :
सारांश, खेळाडूत बहुधा हृदयाचा पुरवठा, निरोगी व्यक्तीत त्याच्या जोडीला जीवनशैली व वारसा आणि रुग्णात आजारग्रस्त अवयव व त्यापाठोपाठ येणारा स्नायूंचा क्षय हे घटक वायुजीवी कार्यक्षमतेस आकार देतात. एकच आकडा तीन व्यक्तींत तीन भिन्न कारणांनी येऊ शकतो. शिक्षकाने त्या आकड्यामागील कमकुवत कडी शोधली, तरच कसोटी विद्यार्थ्याच्या हिताची ठरेल.